एकोणपन्नासात एक काळी

…आन् मला कुणी इचारलं का? न्हाई. तुम्हाला सांगतो, श्रावणातली सकाळ, न्याहारी झाल्याली न्हाई, मेंढरं अजून जाळीतनं भाईर काढल्याली न्हाईत, आन् दारात जीप येऊन हुबी. जीपमधनं उतरली एक पोरगी, असंल चोवीस-पंचवीसची, पाठीला पिशवी, हातात वही, पायात पांढरं बूट, ते बी आमच्या चिखलात, आन् मला म्हणती, "नमस्कार, मी अंकिता. पुण्याहून आले, कॉलेजातून. मला तुमच्या मेंढ्यांचे रंग मोजायचेत." आता मेंढरं मोजत्यात हे मला ठाऊक हाय. लांडगा नेतो म्हणून मोजत्यात, चोर नेतो म्हणून मोजत्यात, सरकारचा माणूस येऊन मोजतो, त्यो का मोजतो ते त्यालाच ठाऊक... पर रंग? रंग कुणी चोरून नेतो व्हय? पर मी काय वाद घालणारा माणूस न्हाई. म्हणलं, मोजा मॅडम, मोजा. आपलं काय जातंय.

तुम्हाला वाटंल, ह्यो संपत म्हंजी लई मोठा मेंढरावाला. तसं काय न्हाई बरं. आज्याच्या काळात आमची माणसं मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायची, आता आमचा मुक्काम कायमचा मांडवगण फराट्यात. ऊस हाय, कांदा हाय, पोरगं कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातंय आन् घरी आलं की हिंदीत झोपेत बडबडतंय. मेंढरं ऱ्हायलीत एकोणपन्नास, ती बी आबांमुळं. आबा म्हंजी आमचं वडील, कोंडिबा. वय ऐंशी का पंच्याऐंशी, कुणाला ठाऊक. इचारलं की म्हणत्यात, "मोठा दुस्काळ पडला तवा मी मेंढरामागं जात व्हतो." कंचा दुस्काळ म्हणायचा? आमच्याकडं काय एकच पडलाय? आबा नातवाचं नाव तीनदा चुकत्यात, चष्मा डोळ्याला असताना घरभर हुडकत्यात, पर मेंढराचं इचारा... हिची आई कंची, आज्जी कंची, आज्जीच्या कपाळाला चांद व्हता का न्हाई, समदं तोंडपाठ. त्यात मी त्यांना चुकल्यालं कवा बघितलं न्हाई. बायको म्हणती, तुम्हाला जल्मल्याली तारीख त्यांनी सांगितली न्हाई, पर त्या दिशी कंच्या मेंढीला कोकरू झालं ते सांगितलं.

तर मॅडम लागल्या मोजायला. जाळीपाशी बसल्या आन् एकेक मेंढरू सोडलं की लिवायचं, "पांढरी... पांढरी... पांढरी, कानाला तांबूस... पांढरी..." मी आपला बांधावर लिंबाखाली आडवा झालो. आन् तुम्हाला सांगतो, त्या पोरीचा आवाज असा, म्हंजी कुणीतरी लांबच्या खोलीत पोथी वाचतंय. पांढरी, पांढरी, पांढरी... वर आभाळात बी ढग चालल्यालं, पांढरं, पांढरं, खाली मेंढरं चालल्याली, आन् माझा डोळा लागला का न्हाई मला ठाऊक न्हाई, पर मला वाटलं की वरची खाली आलीत आन् खालची वर गेलीत, आन् मॅडम दोनी मोजत्यात. सुख वाटलं बघा. लई दिसांनी असं कुणी माझ्या मेंढरांकडं बघत व्हतं, आन् इकत घ्यायला न्हाई, नुसतं बघायला.

तेवढ्यात आवाज बदलला. "काळी."

डोळं उघडलं. मॅडम पेन धरून हुब्या. अठ्ठेचाळीस पांढरी झाल्याली, आन् एकोणपन्नासावी, काळी कुळकुळीत मेंढी, ती जाळीत नव्हतीच, ती आबांच्या मांडीपाशी हुबी राहून त्यांच्या हातातली भाकरी खात व्हती. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, ही एकच काळी का तुमच्याकडे?" आबा म्हणालं, "ती आमची न्हाई." मॅडम म्हणाल्या, "मग कोणाची?" आबांनी तोंड फिरवलं आन् नदीकडं बघत बसलं. झालं. आता सांगायचं कुणी? संपतनं.

तर ते असं हाय. आमच्या घराण्याची रीत म्हंजी काळं कोकरू जल्मलं आन् नर निघाला, की त्यो देवाचा. बिरोबाच्या यात्रेला जायाचा. मादी निघाली, की ती लेकीची. लगनात आंदण द्यायची. पांढरं तेवढं आपलं. का म्हणून इचारू नका, आज्यानं केलं म्हणून बापानं केलं. माझी धाकटी भैन सगुणा, तिच्या लगनात आबांनी पाच काळ्या पाटी, म्हंजी कवळ्या माद्या, दिल्या, पाची भुरी आन् चांदी ह्या दोन मेंढ्यांच्या पोटच्या. दिली नदीपल्याड, दौंड तालुक्यात, यवतच्या अलीकडं. मांडवगणातनं बघाल तर मधी भीमा हाय एवढंच. तर लगनाला दोन वर्सं झाल्यावर सगुणा आली आन् म्हणाली, "आबा, मेंढ्या काळ्या दिल्या पर आमचा मेंढा पांढरा, कोकरं समदी पांढरी पडत्यात. तुमच्याकडं औंदा काळा मेंढा हाय, त्यो द्या." आबा म्हणालं, "त्यो देवाचा हाय. देवाचं लेकीला देत न्हाईत." ती म्हणाली, "एकदा." आबा म्हणालं, "एकदा बी न्हाई." ती हुबीच्या हुबी म्हणाली, "मंग लेक न्हाई म्हणूनच समजा," आन् ताटावरनं उठून गेली. ह्याला तवा आठ वर्सं झाली व्हती. ती आली न्हाई, आबा गेलं न्हाईत.

फुडच्याच वर्साला आमच्यात काळी पाट जल्मली. आबा म्हणालं, "ही सगुणाची." बरोबर हाय, लेकीची. पर लेकीचं घरात ठिवायचं न्हाई आन् लेकीच्या दारात जायाचं न्हाई, मंग ती मेंढी जाणार कुठं? ऱ्हायली. सात वर्सं आबांच्या हातानं भाकरी खात व्हती. आन् मी? मी दोघांच्या मधी. बापाला काय बोलावं? भैनीला काय बोलावं? एक दगड, दुसरी धोंडा. मी आपला गप. म्हणलं बसा रुसून, आपलं काय जातंय.

पर त्या साली गेलं. काय झालं, बारा वर्सांतनं एकदा आमच्या घराकडं देवाच्या घोंगड्याची पाळी येती. दिवाळी झाली की बिरोबाची यात्रा, तवा देवाच्या गादीवर नवं घोंगडं घालायचं. काळं. पर रंग लावून काळं केल्यालं न्हाई, मेंढराच्या अंगावरच काळी असल्याली लोकर, आन् ती बी इकतची न्हाई, आपल्याच मेंढरांची. आता एका मेंढराची लोकर निघणार किती? पावशेर, लई झाली तर अर्धा किलो. घोंगड्याला आठ-धा काळी मेंढरं पाहिजेत, आन् आमच्याकडं एक, ती बी आमची न्हाई. भावकीतला पोपटराव तर टपूनच बसल्याला. येता-जाता आबांना म्हणतो, "न्हाई जमत तर सांगा की कोंडीआप्पा, पाळी आम्ही घेतो, त्यात काय कमीपणा न्हाई." ज्या माणसानं त्यात कमीपणा न्हाई असं म्हणलं, त्यानं कमीपणा बघायला अगुदर येऊन जागा धरल्याली असती. आन् एकदा पाळी गेली की कायमची गेली. आबा भाकरी निम्मी मेंढीला घालायचं ते आता सगळीच घालायला लागलं. मला भ्या वाटाया लागलं व्हतं त्यांचं.

हे समदं मी मॅडमला सांगितलं, भैनीचं नाव-गाव तेवढं सोडून. मॅडम ऐकत्यात, लिवत्यात, आन् शेवटाला काय म्हणाव्यात? हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या काळा रंग तुम्हीच घराबाहेर पाठवलात. नर देवाला, मादी लेकीला. आणि आता विचारताय, काळी कुठे गेली." आता ह्याला काय म्हणावं? आमच्या चार पिढ्यांत एवढी शाणी माणसं झाली, एक आजा तर पंचात बसायचा, पर हे कुणाच्या डोस्क्यात आलं न्हाई. आबा म्हणालं, "मंग समदीच काळी गेली असती. अधनंमधनं परत जल्मत्यात कशी?" तर मॅडम म्हणाल्या, "बरोबर विचारलंत आजोबा. गंमत तिथेच आहे."

आन् माझ्या मंडळींकडनं मागून घेतलं, मूठभर ज्वारी आन् मूठभर उडीद. म्हणलं आता ही पोरगी शिधा मागती का काय. पर न्हाई. घोंगड्यावर पसरलं आन् म्हणाल्या, प्रत्येक मेंढराच्या आत रंगाचे दोन दाणे. एक आईनं दिल्याला, एक बापानं. एक जरी ज्वारीचा असला तरी मेंढरू पांढरं. काळं व्हायचं तर दोन्ही उडीदच पाहिजेत. "आणि ज्याच्यात एक ज्वारी, एक उडीद आहे, ते वरून अगदी पांढरं दिसतं आजोबा. पण उडीद आत असतो. गप्प बसलेला. पिल्लाला देऊ शकतो." आबा दाण्याकडं बघत ऱ्हायलं. मग हळूच एक उडीद उचलून तळहातावर धरला.

मॅडम म्हणाल्या, "मेंढा आपल्या मर्जीनं हिंडतो ना कळपात? म्हणजे हिला हाच मेंढा, असं तुम्ही ठरवून जोड्या लावत नाही ना?" मी म्हणलं, "मॅडम, आमच्यात ठरवून लगनं माणसांची लावत्यात. मेंढरं सुखी हायत." म्हणाल्या, "मग सोपं आहे. एकोणपन्नासात एक काळी. म्हणजे दोन उडीद एकत्र यायचा योग एकोणपन्नासात एकदा. सात सत्ते एकोणपन्नास. म्हणजे तुमच्या कळपातल्या दर सात दाण्यांत एक दाणा उडदाचा. त्यावरून हिशेब केला, तर ह्या अठ्ठेचाळीस पांढऱ्यांत साधारण बारा मेंढ्या अशा आहेत, की ज्यांच्या आत एक उडीद लपलाय." म्हणलं, "बारा? कंच्या बारा?" म्हणाल्या, "ते नाही सांगता येत." "मंग मोजल्या कशा?" "न बघताच मोजल्या." आता बोला. आम्ही शाळेत न बघता उत्तर लिवलं तवा मास्तरांनी दिवसभर बाकावर हुबं केल्तं, आन् हिला त्याच्यावर कॉलेजात डिग्री मिळणार. मी म्हणलं, मोजा मॅडम, न दिसणारं बी मोजा. आपलं काय जातंय.

पर तुम्हाला सांगतो, त्या दुपारी मला काय काम सुधरलं न्हाई. मेंढरं घेऊन माळावर गेलो. ऊन असं कवळं, मधनंच ढगाची सावली यायची, मेंढरांवरनं सरकायची, आन् ती सावली वरनं जाताना समदी मेंढरं घटकाभर काळी दिसायची. मग सावली फुडं गेली की परत पांढरी. मी बघत बसलो. म्हणलं, ह्यातल्या बारा खोटं बोलत्यात. चेहऱ्यावर काय न्हाई, चरत्यात, पर आत एक काळा दाणा घेऊन हिंडत्यात, आज्जीचा, पणजीचा, देवाला गेल्याल्या कुणा मेंढ्याचा. आपुन म्हणलं गेलं ते, पर गेल्यालं न्हाईच, आतच हाय. मला काय ते उगीचच भरून आलं. मेंढरामागं जल्म गेला, पर मेंढरांकडं असं कवा बघितलंच नव्हतं... आन् मग सवयच लागली. यश्टीत बसलो तरी माणसं बघायचो. म्हणलं, ह्यो वरनं हसतोय, ह्याच्या आत काय असंल? तिकीट काढायचं इसरलो, कंडक्टरनं त्याच्या आतलं भाईर काढून दावलं.

आबांनी दुसऱ्या दिशी मॅडमला इचारलं, "त्या बारातलं काळं भाईर काढायचं तर?" म्हणाल्या, "काढता येईल. पण दोन-तीन वेत थांबावं लागेल आजोबा." यात्रा दिवाळीनंतर. आता श्रावण. आबांनी मान हलवली, कालपसनं मुठीत धरल्याला उडीद परत घोंगड्यावर ठिवला. मला वाटलं संपलं, पाळी गेली पोपटरावाला.

मॅडमना वाईट वाटलं असंल. वही चाळायला लागल्या आन् सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "विचित्र आहे बघा. नदीपलीकडे मी मागच्या महिन्यात एक कळप मोजला. चाळीस मेंढ्या, त्यातल्या एकतीस काळ्या. एवढ्या काळ्या मी अख्ख्या दौंड तालुक्यात पाहिल्या नाहीत. सगुणाबाई म्हणून आहेत, यवतजवळ."

मी आबांकडं बघितलं न्हाई. चुलीवर काय उतू चाललंय का ते बघाया घरात गेलो. चुलीवर कायबी नव्हतं. भाईर मॅडम आपल्या सांगत्यातच, त्यांना काय ठाऊक? सगुणाबाई म्हणाल्या की माहेरच्या पाच काळ्या मेंढ्या, त्यांची कोकरं पांढरी पडायची, पर तिनं एक पांढरा नर न इकता ठिवला, काळ्या आईचा, आन् त्यो मोठा झाल्यावर त्याची निम्मी कोकरं काळी पडाया लागली. "त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. म्हणाल्या, आईचं कुठं जातंय, आत असणारच." आबा म्हणालं, "असं म्हणाली?" म्हणाल्या, "हो." आबा काठीनं माती उकरत बसलं. मग म्हणालं, "पर ती मेंढरं परक्या घरची. लेकीला दिलं ते परकं." आन् हितं मॅडम अशा बोलल्या की मी दारातनं ऐकत ऱ्हायलो. म्हणाल्या, "माझ्या वहीत परकं नाही आजोबा. त्या कळपातला एकूण एक काळा दाणा तुमच्या पाच मेंढ्यांचा. इथं सातात एक, तिथं जास्त, एवढाच फरक. कळप एकच आहे. मध्ये नदी आहे फक्त."

आबांनी त्यावर काय म्हणावं? मला वाटलं आता रडत्यात. तर म्हणालं, "तुमची मोजणी बरोबर झाली न्हाई. तुम्हाला मेंढरांची आई-आज्जी ठाऊक न्हाई. मी येतो संगं, लिवून देतो." म्हणलं, आबा, कशाला? म्हणालं, "मोजायला. दुसरं काय."

झालं. आबा जीपमधी फुडं, मॅडम गाडी चालवत्यात, मागं मी आन् माझ्या मांडीवर डोस्कं टाकून ती काळी मेंढी, कारण आबा तिला सोडून यायला तयार न्हाईत. पुलावर आलो तवा भीमेला पाणी व्हतं, तांबूस, संथ, आन् त्यात आभाळ. आबा काचंतनं बघत व्हतं. म्हणालं, "लई रुंद न्हाई ही." बास. एवढंच बोललं समदा रस्ता.

सगुणा दारात आली. आठ वर्सांत केस पिकल्यालं कडंला. मॅडमला म्हणाली, "या मॅडम, बसा." आबांकडं बघितलं न्हाई. आबांनी बी तिच्याकडं बघितलं न्हाई. थेट गेलं मेंढरांत. आन् तुम्हाला सांगतो, एकतीस काळी मेंढरं एका जागी मी जल्मात बघितली नव्हती. दुपारचं ऊन, आन् तेवढ्या एका जागी जशी सावली बसल्याली. आबा त्यात शिरलं, एकेकीचं कान धरलं, ओठ उघडून बघितलं, आन् सांगाया लागलं, "लिवा मॅडम. ही भुरीची पणत. ही चांदीची नात, हिचा खूर बघा, चांदीचा असाच फाकायचा. ही भुरीची..." मॅडम लिवत्यात. सगुणा पाठीमागं हाताची घडी घालून हुबी. पंधरा झाल्या, वीस झाल्या, कुणी कुणाशी बोलंना. मला वाटलं एकतीस व्हत्याल, जीपमधी बसायचं आन् घर. असं मोजून परत गेलो तर मग परत कवा?

तेविसावी धरली. आबा म्हणालं, "ही भुरीची."

पाठीमागनं आवाज आला, "भुरीची न्हाई. चांदीची."

आबा म्हणालं, "भुरीची."

"चांदीची, आबा."

आठ वर्सांतला पयला शब्द बरं ह्यो. आबांनी त्या मेंढीचं कान परत बघितलं, खूर बघितला, लई वेळ बघितलं, आन् म्हणालं, "व्हय गं. चांदीची. चुकलो मी." आता मेंढराची वळख आबा चुकत्यात का? जल्मात न्हाई. खरंच चुकलं का चुकवलं, ते त्यांनाच ठाऊक. सगुणा फुडं आली आन् चोविसावी तिनं धरली, आन् मग दोघंबी सांगाया लागली, ही हिची, न्हाई तिची, हिला पयल्या वेताला जुळं झालं, मॅडमची वही पुरंना. म्हणलं मोजा, मोजा, आता निवांत मोजा. मी तिकडं तोंड करून डोळं पुसलं.

आमच्यासंगं आणल्याली मेंढी सोडली आबांनी तिच्या फुडं. म्हणालं, "ही तुझी. द्यायची ऱ्हायली व्हती." सगुणा तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. म्हणाली, "म्हातारी केली की हिला." आन् उठून घरात गेली, ती पोतं घेऊन आली. लोकर. काळी, धुतल्याली, पिंजून ठिवल्याली. "पाळी औंदा हाय, मोजून ठिवलंय मी. बारा वर्सं कवा भरत्यात ते मला बी कळतंय. कुणीतरी न्यायला येईल म्हणून ठिवली व्हती."  आबा पोत्यावर हात ठिवून बसलं.

तुम्हाला वाटंल, ग्वाड झालं समदं. मला बी वाटलं. मी म्हणलं, "सगुणे, चहा तरी टाक की आता." तर ती माझ्याकडं वळली. म्हणाली, "आबा माझ्याशी भांडलं व्हतं दादा. तू भांडला व्हतास का?" म्हणलं, "न्हाई बा." म्हणाली, "मंग तू का न्हाई आलास?"

आता काय सांगायचं? म्हणलं, "अगं, मधी नदी... पाणी..."

आबा म्हणालं, "आठ वर्सं पूर व्हता व्हय रं?"

बघा, ह्यांचं जमल्यालं पाच मिंटं झाली न्हाईत. सगुणा म्हणाली, "यवतच्या बाजाराला दर आठवड्याला येतोस. कासमभाई आमच्याच गावचं हायत, त्यांनाच कोकरं इकतोस. मला सांगत्यात, सगुणाभैन, आज संपतभाऊ आले थे, चहा पिऊन गेले. हितनं दोन कोस. दर आठवड्याला मी चहाचं आधण जास्त ठिवायचे." आन् ह्याच्यावर ती घरात गेली. चहा आणला. आबांना दिला, मॅडमला दिला. मला न्हाई.

घोंगडं झालं. सनगरानं विणलं, चिंचोक्याची खळ दिली, असं झालं की पोपटराव हात लावून बघायचा आन् म्हणायचा, "रंग दिलाय का?" देवाच्या गादीवर बसलं. सगुणा आता दर आठ दिसाला येती. आबांशी बोलती, माझ्या मंडळींशी बोलती, पोराशी बोलती, मेंढरांशी तर तासभर बोलती. माझ्याशी न्हाई. मी समोर बसल्यालो असलो तर मंडळींना म्हणती, "वैनी, ह्यांना म्हणावं, जरा सरका." दिवाळी गेली, होळी गेली, आता परत श्रावण आलाय.

परवा आबा म्हणालं, "संपत, भैन हाय तुझी. जा की, तू व्हऊन बोल." मी म्हणलं, "ती बोलली तर बोलीन मी. मी का म्हणून अगुदर?" आबांनी माझ्याकडं बघितलं, असं बघितलं की जसं मेंढराचं ओठ उघडून बघत्यात, आन् लई दिसांनी हसलं. म्हणालं, "मी आपला म्हणत व्हतो, पोरगं आईवर गेलंय. न्हाई रं. तुझ्यात बी हायच." आन् काठी घेतली आन् मेंढरामागं निघून गेलं.